टायर-रिमचा विमा : हिशेब नेमका कशाचा?

गाडीच्या पॉलिसीचे नूतनीकरण करताना शून्य घसारा, इंजिन प्रोटेक्ट, रोडसाइड असिस्टन्स अशा जोड संरक्षणांच्या रांगेत हल्ली 'टायर प्रोटेक्ट' किंवा 'टायर सिक्युअर' असेही एक नाव दिसते. त्यापुढे हजार-दोन हजारांचा आकडा असतो, गाडी भारी असेल तर जास्त. नागपुरात हे विकायला फारसे बोलावे लागत नाही. एजंट खिडकीबाहेरच्या रस्त्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "घेऊनच टाका साहेब." माझे म्हणणे असे की रस्त्याचा विचार यात दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला विचार पॉलिसीतल्या दोन कलमांचा करायचा. ती दोन्ही कलमे बारीक टाइपात असतात आणि विक्रीच्या बोलण्यात सहसा येत नाहीत.

आधी मूळ पॉलिसी टायरला काय देते ते पाहू. २००२ च्या भारतीय मोटार टॅरिफने ठरवलेली शब्दरचना आजही बहुतेक पॉलिसींचा पाया आहे. २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे दर खुले झाले, तरी ही भाषा टिकली. तिच्यानुसार टायर-ट्यूबचे नुकसान भरून मिळत नाही; त्याच वेळी गाडीचेही नुकसान झाले असेल तरच मिळते आणि तेही नव्या टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत. म्हणजे मानेवाड्याकडून येताना चाक खड्ड्यात आपटले, टायरची बाजू कापली गेली, पण बंपर शाबूत राहिला, तर टायरचे काही मिळत नाही.

रिमचे काय? अपवादाच्या वाक्यात टायर आणि ट्यूब यांचीच नावे आहेत. रिम हा गाडीचा धातूचा भाग आहे आणि खड्ड्याचा आघात हे बाहेरून झालेले अपघाती नुकसान आहे. शब्दशः वाचले तर वाकलेल्या किंवा तडकलेल्या रिमचा क्लेम मूळ पॉलिसीतच बसतो. त्यातून अनिवार्य वजावट जाते (१५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये, त्यावरच्या गाडीला २,०००) आणि शून्य घसारा घेतलेला नसेल तर धातूच्या भागांचा घसाराही जातो. तो गाडीच्या वयानुसार वाढतो. दुसऱ्या वर्षात १० टक्के, पाचव्या वर्षात ३५ टक्के. रिमलाच इजा झाली म्हणजे 'त्याच वेळी गाडीचेही नुकसान झाले' असे धरून टायरचे अर्धे पैसे मागता येतील का, यावर सर्व्हेअरशी वाद घालता येतो. वादाचा निकाल काहीही लागो, असा क्लेम करणे बहुधा परवडत नाही. त्याचे कारण नो क्लेम बोनस.

क्लेम न केल्याबद्दल स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळणारी ही सूट पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते. पुढे २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के होते. एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला ती शून्यावर येते आणि शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते. समजा, एकाची सूट ५० टक्क्यांवर आहे आणि सूट धरण्याआधीचा हप्ता १२,००० रुपये आहे. त्याने १०,००० रुपयांच्या रिमचा क्लेम केला. पुढच्या पाच वर्षांत त्याची सूट अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्क्यांनी कमी राहील. बेरीज १२५ टक्के, म्हणजे १५,००० रुपये. गाडी जुनी होते तसा मूळ हप्ताही उतरतो, म्हणून प्रत्यक्षातला आकडा थोडा कमी येईल. पण दहा हजार मिळवण्यासाठी त्याहून जास्त घालवले, हा निष्कर्ष बदलत नाही.

टायर-रिमच्या वेगळ्या विम्याची खरी किंमत इथे कळते. मूळ पॉलिसीला आणि तिच्या बोनसला हात न लावता छोटे नुकसान भरून निघावे, एवढेच त्याचे काम आहे. म्हणून पहिले कलम हे पाहायचे : या जोड संरक्षणाखाली क्लेम केला तर बोनस राहतो की जातो? काही कंपन्यांच्या कलमांत राहतो, काहींच्या जातो. जात असेल तर पुढचे काही वाचायची गरज नाही. एजंटच्या तोंडी आश्वासनावर थांबू नये. पॉलिसीच्या मजकुरात किंवा कंपनीच्या ईमेलमध्ये ते लिहून घ्यावे.

दुसरे कलम झिजेचे. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरखाली गेली की तो रस्त्यावर चालवायचा नाही. विमा कंपन्यांची शेवटची रेघही बहुधा हीच असते. वापरण्याजोगे रबर म्हणजे जेमतेम ६.४ मिलिमीटर. भरपाई यातल्या उरलेल्या भागावर ठरते : टायर नवा असताना पूर्ण, मग तीन चतुर्थांश, अर्धी, पाव अशा पायऱ्या असतात. खाच ४ मिलिमीटर उरली म्हणजे टायर अर्धा शिल्लक आहे असे डोळ्यांना वाटते, पण वापरण्याजोग्या रबराचा फक्त ३७.५ टक्के भाग उरलेला असतो. पंक्चर, नैसर्गिक झीज, कारखान्यातला दोष, नुसता टायर चोरीला जाणे, चालण्यात अडथळा न आणणारे ओरखडे हे सहसा बाहेरच असतात. वर्षाला किती टायर बदलून मिळतील यावरही मर्यादा असते. रिम तर प्रत्येक योजनेत असतेच असे नाही. नावात 'टायर' आहे तर रिम गृहीत धरू नये.

आता नागपूर. इथल्या टायरला दोन शत्रू आहेत, ऊन आणि ठोकर, आणि विम्याच्या दृष्टीने दोघांची जात वेगळी.

मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि डांबर त्याहून बरेच तापते. बंद टायरमधल्या हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. सकाळी २५ अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर आतून ६५ अंशांपर्यंत तापला तर दाब सुमारे ३९ पीएसआय होतो. चांगल्या टायरला हा वाढीव दाब सहज पेलतो. म्हणून 'उन्हात टायर फुटेल' या भीतीने हवा कमी ठेवण्याची सवय उलटी आहे. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त लवतात, त्या लवण्यातून उष्णता तयार होते आणि आतले थर सुटू लागतात. ४५ अंशांत, १०० च्या वर वेगाने, तासन्‌तास असे चालले की टायर जातो. पण हे नुकसान हळूहळू साचलेले असते आणि विमा कंपनी त्याला देखभालीतली हयगय म्हणू शकते. थोडक्यात, नागपूरकर ज्याला सर्वांत जास्त घाबरतो त्यावरच हे संरक्षण सर्वांत डळमळीत आहे.

ठोकर मात्र विम्याच्या चौकटीत नीट बसते. शहराच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यावरचा डांबरी थर खचतो. त्यावर उपाय म्हणून महापालिकेने टप्प्याटप्प्याने सिमेंटचे रस्ते केले. मधला रस्ता त्याने टिकाऊ झाला, पण कडा राहिल्या. सिमेंटचा पट्टा जिथे संपतो आणि गल्लीचा जुना रस्ता जिथे लागतो, तिथे बोटभर ते वीतभर पायरी असते. गट्टू खचले की ती आणखी धारदार होते. रात्री, पावसात, समोरून येणाऱ्या दिव्यांत अशी कड दिसत नाही. टायरच्या बाजूला फुगा येतो तो बहुधा अशाच ठिकाणी : रबर वरून शाबूत, आतले धागे तुटलेले. फुगा दुरुस्त होत नाही, टायर बदलावाच लागतो.

ठोकर कोणाला महाग पडते, हे टायरवर लिहिलेले असते. एकाच हॅचबॅकच्या साध्या आवृत्तीला १८५/६५ आर१५ आणि वरच्या आवृत्तीला १९५/५५ आर१६ टायर असतो, असे उदाहरण घ्या. रुंदीला टक्केवारीने गुणले की बाजूची उंची मिळते : पहिल्यात १२० मिलिमीटर, दुसऱ्यात १०७. कड आणि रिम यांच्यामधली उशी १३ मिलिमीटरने पातळ झाली. शिवाय साध्या आवृत्तीला बहुधा लोखंडी रिम असते. ती वाकते आणि ठोकून सरळ करता येते. वरच्या आवृत्तीतली अलॉय तडकते. शोरूममध्ये ज्या चाकांचे आपण जास्त पैसे मोजतो, तीच चाके मोडायला सोपी आणि बदलायला महाग असतात.

मग आकडे मांडू. हे गृहीत आकडे आहेत. आपल्या गाडीचे घालून प्रत्येकाने आपले गणित करावे. लहान गाडी : हप्ता १,५०० आणि १८ टक्के जीएसटी, एकूण १,७७०. टायर ७,००० चा. नवा असताना फुटला तर पूर्ण मिळतील, म्हणजे चार वर्षांत एकदा टायर जात असेल तर बरोबरी. टायर अर्ध्या पायरीवर आला की ३,५०० मिळतील आणि बरोबरीसाठी दर दोन वर्षांनी एक टायर फुटावा लागेल. इतके टायर फोडणाऱ्याने विम्याआधी गाडी चालवण्याकडे पाहावे. मोठी एसयूव्ही : हप्ता करासह ३,५४०, टायर १४,००० आणि अलॉय १८,००० दोन्ही संरक्षित. इथे नऊ वर्षांत एक मोठी ठोकर बसली तरी पैसे वसूल. फरक केवळ मोडणाऱ्या वस्तूच्या किमतीचा आहे, रस्ता तोच.

अर्थशास्त्रात याला जुना आधार आहे. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये दाखवले की कंपनी हप्त्यात आपला खर्च मिळवत असेल तर ग्राहकासाठी उत्तम करार तोच, ज्यात छोटे नुकसान त्याने स्वतः सोसायचे आणि एका मर्यादेवरचे सगळे कंपनीने. टायरचा विमा याच्या बरोबर उलट आहे : छोटे नुकसान कंपनीवर आणि वर कमाल मर्यादा. तरी लोक तो घेतात, आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. जस्टिन सिडनॉर यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या घरविम्याच्या नोंदी तपासल्या. वजावट कमी करून घेण्यासाठी लोक साधारण १०० डॉलर जास्त भरत होते आणि त्या संरक्षणाचे सरासरी मोल २५ डॉलरही नव्हते.

समृद्धी महामार्गाचा धाक दाखवून हा विमा विकला जातो, त्याचा वेगळा विचार करावा लागतो. टायर फुटून गाडी उलटली, माणसे जखमी झाली, गाडीचा चुराडा झाला, तर ते सगळे मूळ पॉलिसीच्या आणि तृतीय पक्ष विम्याच्या कक्षेत येते. मुंबई उच्च न्यायालयात विमा कंपनीने टायर फुटणे ही देवाची करणी असल्याचा बचाव घेतला होता, न्यायमूर्ती एस. जी. दिगे यांनी २०२३ मध्ये तो फेटाळला आणि त्याला मानवी हयगय म्हटले. 'टायर फुटला' हे वाक्य तपासातही लगेच मान्य होत नाही. १ जुलै २०२३ रोजी नागपूरहून पुण्याला निघालेली बस सिंदखेडराजाजवळ जळून २५ जण गेले, तेव्हा आधी तेच कारण सांगितले गेले आणि आरटीओच्या अहवालाने ते नाकारले. जिवाची भीती खरी आहे; तिचा उपाय हवेचा दाब, टायरचे वय आणि वेग यांत आहे. टायर प्रोटेक्टचा तिच्याशी संबंध नाही.

हप्त्यासाठी दोन हजारच वेगळे काढता येत असतील, तर नागपुरात मी ते आधी इंजिन प्रोटेक्टला देईन. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत उभ्या गाड्या पाण्याखाली गेल्या. बुडालेली गाडी सुरू करून पाहिली आणि इंजिनात पाणी ओढले गेले, तर मूळ पॉलिसी त्याला परिणामी नुकसान म्हणून हात वर करू शकते, आणि बिल लाखात जाते. विमा घ्यावा तो अशा नुकसानीचा.

तरीही पातळ बाजूचे टायर आणि अलॉय असलेल्या नव्या गाडीला, विशेषतः स्टेपनी नसलेल्या गाडीला, पहिली दोन वर्षे हा विमा घ्यायला हरकत नाही. बोनस राहतो आणि रिम त्यात आहे एवढे पक्के झाल्यावर. (टायर पंक्चर किट आणि दाब दाखवणारी यंत्रणा असलेल्या ट्यूबलेस गाड्यांना स्टेपनीशिवाय विकायची मुभा २०२० पासून आहे.) त्याआधी टायर विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारावा. काही टायर कंपन्या काही मॉडेलवर ठराविक मुदतीत कट किंवा फुगा आल्यास भरपाई देतात, फक्त खरेदीनंतर नोंदणी करावी लागते. ती असेल तर त्याच नुकसानीचे पैसे दुसऱ्यांदा भरण्यात अर्थ नाही. तिसऱ्या वर्षीच्या नूतनीकरणाला खाच मोजून घ्यावी, पंक्चरवाल्याकडे मोजपट्टी असते. ४ मिलिमीटरच्या आसपास असेल तर टायरचा विमा काढून टाकावा आणि तेवढी रक्कम पुढच्या टायरसाठी बाजूला ठेवावी. नवे चार टायर बसवले की मग प्रश्न पुन्हा पहिल्यापासून.