दुष्काळ, प्लेग आणि रमाबाईंची प्रार्थना

संकटात माणूस देवाला हाक मारतो, यात नवल नाही. हाक मारून झाल्यावर त्याचे हात काय करतात, हे पाहणे इतिहासाचे काम. त्या दृष्टीने पंडिता रमाबाईंच्या चरित्रातील १८९६ ते १८९८ हा काळ आम्हांस फार बोलका वाटतो.

भुकेची ओळख रमाबाईंना पुस्तकातून झाली नव्हती. १८७४ च्या सुमारास, मद्रास इलाख्यात वणवण करीत असता, त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण अन्नान्नदशेत निवर्तली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती गेले. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले व पुढील वर्षी ते पुण्यास आणले. १८९३ साली धर्मांतराच्या वादामुळे रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले. बोस्टनच्या मंडळाने दिलेले साहाय्याचे वचनही दहाच वर्षांचे होते. ती मुदत १८९८ मध्ये सरणार होती. पुढे काय, हे कोणासच ठाऊक नव्हते.

अशा वेळी मध्य प्रांतातील दुष्काळाची वार्ता आली. हात आखडावा असाच तो प्रसंग होता. शहाण्या माणसाने तेच सांगितले असते. पण आपली जुनी भूक आठवून रमाबाई तिकडे गेल्या. प्रार्थना करावी, आणि पुढ्यात आलेल्या मुलीला जवळ घ्यावे, असा त्यांचा क्रम होता. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. इतक्यात पुण्यात प्लेग उद्भवला आणि एवढ्या जणींना शहरात ठेवणे अशक्य झाले. तेव्हा केडगावच्या माळावरील शेतात आसरा उभा करावा लागला. तेच पुढे मुक्तिसदन झाले.

देवावर भार टाकला म्हणून बाईंनी माणसांना जाब विचारणे सोडले, असे मात्र कोणी समजू नये. प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची जी हेळसांड चालली होती, तिच्याविरुद्ध १८९७ साली त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रातून उघड लिहिले. सरकार ख्रिस्ती आणि त्याही ख्रिस्ती. तरी त्यांची लेखणी अडखळली नाही.

१८९८ साली त्या पुन्हा अमेरिकेस गेल्या आणि जुन्या मंडळाच्या जागी नवे मंडळ उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळात सदनाचे दार पुन्हा उघडले.

म्हणून या प्रार्थनेने संकटे टळली असे आम्ही म्हणणार नाही. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा आईच्या आधी गेली. बायबल सामान्य बायकांनाही समजावे म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून बाईंनी मराठी भाषांतर हाती घेतले होते. त्या दुःखातही ते काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या.

त्यांचा धर्म कोणास पटो वा न पटो. घरात उद्याची तरतूद नसताना परक्याच्या लेकीसाठी दार उघडण्याचे धैर्य त्यांना ज्या प्रार्थनेने दिले, तिच्यापुढे आपण सर्वांनी क्षणभर तरी नम्र व्हावे, एवढीच विनंती.