गॅलरीत बसलेली तालीम

कोल्हापुरात पाटाकडील तालीम मंडळ आणि दिलबहार तालीम मंडळ यांचा सामना असला की छत्रपती शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरून जातात. झेंडे, शिट्ट्या, चुकलेल्या फटक्यावर उठणारी हुर्यो आणि गोल झाल्यावर एकमेकांच्या अंगावर कोसळणारी पोरं पाहून बाहेरचा माणूस म्हणतो, की हे तर युरोपासारखं आहे. कौतुकाने म्हटलेलं असलं तरी हे म्हणणं मला चुकीचं वाटतं. या गॅलरीचं कूळ युरोपात शोधायचं कारण नाही. मराठवाड्यात जाफराबाद तालुक्यातल्या एखाद्या गावच्या जत्रेत कुस्त्यांची दंगल ज्याने पाहिली आहे, त्याला ती मँचेस्टरच्या माणसापेक्षा लवकर ओळखू येईल. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत मातीभोवती कोंडाळं करून बसलेला, आपल्या गावचा गडी उतरला की उठून उभा राहणारा आणि तो जिंकला की त्याला खांद्यावर घेणारा जो प्रेक्षक आहे, तोच कोल्हापुरात फुटबॉलच्या पायऱ्यांवर येऊन बसला.

पहिला पुरावा संघांच्या नावातच आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. फुटबॉलच्या संघाला तालीम म्हणणारं दुसरं शहर मला माहीत नाही. ‘तालीम’ हा मूळ अरबी शब्द. अर्थ शिकवण, शिक्षण. मराठीत येताना तो पुस्तकातून अंगात उतरला. शिकवणीची जागा म्हणजे आखाडा झाला, आणि नाटकवाल्यांनी तोच शब्द सरावासाठी उचलला. कोणी म्हणेल, त्याच कोल्हापुरात ‘प्रॅक्टिस क्लब’ नावाचाही जुना, नावाजलेला संघ आहे, त्याचं काय? मला तर हे नाव माझ्याच बाजूने बोलताना दिसतं. प्रॅक्टिस म्हणजे तालीमच. शब्द इंग्रजी झाला, अर्थ आखाड्यातलाच राहिला.

यापेक्षा ठोस पुरावा मैदानाचा आहे. इंग्लंडमध्ये बहुतेक क्लबांचं आपापलं मैदान असतं. एक सामना घरी, एक परक्याच्या घरी. समर्थकांच्या तिथल्या साऱ्या सवयी या ये-जा करण्यातून घडल्या. कोल्हापुरात हा भेदच नाही. सगळ्या प्रमुख संघांचं मैदान एकच, शाहू स्टेडियम. ते कोणा एकाचं घर नाही आणि कोणालाही परकं नाही. मग घर कुठलं? घर म्हणजे पेठेतली तालीम. तिथून पोरं एकत्र निघतात, गॅलरीत एकत्र बसतात, आणि जिंकली तर गुलाल उधळत परत तिथेच जातात. ही रचना हुबेहूब कुस्तीची आहे. शाहू महाराज 1902 साली युरोपला गेले होते. रोममधलं कोलोसियम पाहून त्यांच्या मनात आलेलं खासबाग मैदान 1912 साली उभं राहिलं, असं कोल्हापुरात सांगतात. तेही कुठल्या एका तालमीचं नव्हतं. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा ठिकठिकाणच्या तालमींचे पैलवान तिथे भिडत, आणि त्यांच्या मागे त्यांची माणसं येत. मैदान सामायिक, अभिमान पेठेचा, ही सवय फुटबॉलच्या आधीपासून शहराच्या अंगवळणी पडलेली होती. 1940 साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा तिला प्रेक्षक नव्याने घडवावा लागला नाही.

वाद्याकडेही पाहावं. विजयाच्या मिरवणुकीत वाजते ती हलगी, सोबत घुमकं आणि कैताळ. हलगी म्हणजे एका कड्यावर ताणलेलं चामडं. हवेतल्या ओलाव्याने ते सैल पडतं, म्हणून वाजवणारा कागद किंवा काटक्या पेटवून त्यावर हलगी धरतो, बोटाने टिचकी मारून नाद पाहतो, पुन्हा धरतो. मग डाव्या हातातली बारीक काडी आणि उजव्या हातातला आखूड टिपरू यांचा असा कडकडाट सुरू होतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. ही हलगी कुस्तीच्या फडातली आहे. पैलवान मातीत फिरत असतो तेव्हा ती मंद चालते, डाव रंगला की चढते. खेळाच्या चढउताराला ताल देण्याची ही कला इथल्या हलगीवाल्यांनी घडवली, आणि त्यांचं नाव क्रीडापानावर कधी येत नाही, ही खंत इथे नोंदवायलाच हवी.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की आजचा विशीतला समर्थक युरोपचे सामने मोबाइलवर पाहतो, तिथल्यासारखे भलेमोठे फलक करतो, परदेशी क्लबचे टी-शर्ट घालतो. मग त्याचं कूळ तालमीत कसं? वरचा कपडा बदलला, हे खरंच आहे. पण तो कपडा घालून तो कोणासाठी ओरडतो? कोल्हापूरचे संघ नायजेरियासारख्या देशांतून खेळाडू आणतात, आणि पेठ त्यांना आपलं म्हणून डोक्यावर घेते. हेसुद्धा जुनंच आहे. उत्तरेतून, पंजाबातून आलेल्या मल्लांना कोल्हापूरने असंच ठेवून घेतलं, खुराक दिला, त्यांच्यासाठी गळे फोडले. खेळाडू कुठलाही असो, तो ज्या तालमीकडून उतरला त्या तालमीचा, हा हिशेब मोबाइलने शिकवलेला नाही.

उलट बाजूने तपासलं तरी हेच दिसतं. मुंबईत रोव्हर्स कप 1891 साली सुरू झाला, म्हणजे फुटबॉल तिथे कितीतरी जुना. पण मुंबईचे बरेचसे नामवंत संघ कंपन्यांचे, बँकांचे, गिरण्यांचे. महिंद्रा युनायटेड 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला आणि 2010 साली कंपनीने संघ बंद केला. जाफराबाद ज्या हैदराबाद संस्थानात होतं, त्या हैदराबादच्या शहर पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप जिंकला. त्याचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली भारताने 1951 आणि 1962 च्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण मिळवलं. खेळाच्या दर्जात कोल्हापूर त्याच्या जवळपासही नव्हतं. तरीही संघ खात्याचा होता, आणि खात्याला पेठ नसते. कोलकात्यात ईस्ट बंगाल जिंकला की हिलसा आणि मोहन बागान जिंकला की कोळंबी, ही रीत टिकली, कारण ती लोकांच्या स्वयंपाकघरातून आली होती. कोल्हापूरची गॅलरी टिकली ती तालमीतून आली म्हणून. तालमीला मालक नसतो, त्यामुळे ती कोणी बंद करू शकत नाही.

आता दुखणं. या गॅलरीत हाणामाऱ्या होतात, दगड पडतात, सामने थांबतात, पोलिसांचा बंदोबस्त लावावा लागतो. हे तालमीच्याच ईर्षेचं फळ आहे, असं कोणी म्हटलं तर मी ते निम्मं मान्य करेन. ईर्षा तिथलीच आहे. पण आखाड्यात ईर्षेबरोबर वस्ताद होता. कुस्तीआधी मल्लांनी हातात हात द्यायचा, पंचाचा निकाल पटो न पटो मातीला हात लावून बाहेर पडायचं, आणि तालमीचं नाव खराब करणाऱ्याला वस्तादाने दुसऱ्या दिवशी दारातूनच परत पाठवायचं, असा तो धाक होता. गॅलरीने तालमीतून हलगी घेतली, गुलाल घेतला, पेठेचा अभिमान घेतला. वस्ताद मात्र मागेच राहिला. त्याची जागा पोलिसाने भरून निघत नाही, कारण पोलीस आपल्या पेठेचा नसतो आणि सामना संपला की तो निघून जातो. तालमीत बायकांना जागा नव्हती, तो वारसाही गॅलरीने अजून पुरता टाकलेला नाही. तो तरी टाकून द्यावा.

म्हणून प्रत्येक तालमीच्या जुन्या खेळाडूंना आणि वस्तादांना एक विनंती आहे. येत्या हंगामात सामन्याच्या दिवशी खास पाहुण्यांच्या खुर्च्या सोडा आणि आपल्या पोरांमध्ये, पायऱ्यांवर जाऊन बसा.