विक्रोळीची रेंज

विक्रोळीतल्या एखाद्या जुन्या दुकानाच्या पाटीवर मोबाइल नंबर रंगवलेला असेल, तर त्याचे पहिले चार आकडे नीट वाचावेत. ९८२० असेल तर मालकाने कार्ड घेतलं तेव्हा ते मॅक्स टचचं किंवा ऑरेंजचं होतं. ९८२१ असेल तर बीपीएलचं. ९८६९ म्हणजे एमटीएनएलचं डॉल्फिन, ९८९२ म्हणजे एअरटेल. तो नंबर आज कोणत्या कंपनीवर चालतो, हे मात्र पाटी सांगू शकत नाही. २० जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली आणि आकडे व कंपनी यांची गाठ सुटली. त्याआधी कार्ड निवडताना चूक झाली, तर ती निस्तरायची किंमत मोठी होती. नवा नंबर घ्यायचा आणि नातेवाइकांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळ्यांना कळवत बसायचं. म्हणून ‘तुमच्याकडे कोणाची रेंज चांगली आहे?’ हा प्रश्न आधी शेजाऱ्याला विचारला जाई, मगच दुकानदाराला.

शेजाऱ्यालाच विचारणं शहाणपणाचं होतं, कारण विक्रोळीत रेंज गल्लीगणिक बदलते. पश्चिमेला पार्क साईट, सूर्यानगर आणि वर्षानगर या वस्त्या डोंगरउतारावर चढत गेल्या आहेत. डोंगरापलीकडे पवई. उतार संपला की लालबहादूर शास्त्री मार्ग, मग मध्य रेल्वेचे रूळ, मग पूर्व द्रुतगती महामार्ग. त्याच्या आसपास टागोर नगर आणि म्हाडाचं कन्नमवार नगर, आणि शेवटी कांदळवन आणि ठाण्याची खाडी. हे सगळं जेमतेम तीन-चार किलोमीटरच्या पट्ट्यात. मध्ये पसरलं आहे गोदरेज. पिरोजशा गोदरेज यांनी १९४३ साली इथली जमीन घेतली आणि पुढे कारखाने लालबागहून इकडे आले. आज या घराण्याकडे विक्रोळीत तीन हजारांहून अधिक एकर आहेत आणि त्यांतला मोठा भाग कांदळवनाचा आहे. मोबाइलच्या दृष्टीने हा भूगोल चमत्कारिक आहे. डोंगर लहरी अडवतो. ज्या धातूने देशाला कपाटं आणि तिजोऱ्या दिल्या, त्याच धातूच्या भिंती आणि छपरं लहरी परतवतात. कांदळवनाला २००५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने कडक संरक्षण मिळालं, तेव्हा तिथे टॉवर उभारण्याचा प्रश्नच मिटला. पाण्यावरून मात्र लहरी अडथळ्याविना लांब जातात, त्यामुळे खाडीकाठच्या फोनला पलीकडच्या किनाऱ्यावरचाही आवाज ऐकू येऊ शकतो.

मुंबईसाठी मोबाइलचे परवाने नोव्हेंबर १९९४ मध्ये दिले गेले, तेही दोनच कंपन्यांना: हचिसन मॅक्स (मॅक्स टच, पुढे ऑरेंज, मग हच आणि शेवटी व्होडाफोन) आणि बीपीएल. पुढच्या वर्षी सेवा सुरू झाली तेव्हा सरकारने ठरवलेलं कमाल भाडं महिना १५६ रुपये होतं आणि बोलण्याचा दर मिनिटाला ८ रुपये ४० पैसे. गर्दीच्या वेळी हाच दर दुप्पट, म्हणजे १६ रुपये ८० पैसे. शिवाय समोरच्याने फोन केला तरी पैसे आपलेच जात. कारखान्याच्या पगारात हे बसणारं नव्हतं. विक्रोळीकर तेव्हा एमटीएनएलच्या घरगुती फोनसाठी नाव नोंदवून वाट पाहत होते आणि तातडीचं बोलणं पिवळ्या पाटीच्या पीसीओवरून उरकत होते. दोन कंपन्यांची तुलना करायला मुळात हातात फोन तर हवा.

तो आला पुढच्या दशकात, आणि लोंढ्याने आला. २००१ मध्ये एमटीएनएलने डॉल्फिन आणलं, २००२ मध्ये चौथी कंपनी म्हणून एअरटेल उतरलं आणि त्याच वर्षी २८ डिसेंबरला रिलायन्सने सीडीएमए सेवेची घोषणा केली. २००३ च्या मे महिन्यात येणारे कॉल फुकट झाले. त्याच पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपयांत फोन हातात ठेवला. या साऱ्या कारभाराचं केंद्र होतं कोपरखैरणेचं धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी, म्हणजे विक्रोळीच्या बरोबर समोर, खाडीपलीकडे. पुढे जिओचं मुख्यालयही त्याच किनाऱ्यावर घणसोलीला झालं. दोन मोठ्या नेटवर्कांचे मेंदू समोरच्या काठावर असल्याने विक्रोळीला रेंजचा एक दांडा जास्त मिळाला, असं काही झालं नाही.

त्या काळात तुलना व्हायची ती फक्त रेंजची. वेग कोणी विचारत नव्हतं, कारण फोनवर बोलायचंच होतं. हचच्या जाहिरातीतला पग जातीचा कुत्रा मुलाच्या मागे मागे जायचा तो हेच सांगायला, की तुम्ही जाल तिथे नेटवर्क येईल. मोजमापाचं साधन होतं फोनच्या पडद्यावरचे दांडे. गंमत अशी की दांड्यांचं प्रमाण कोणीच ठरवलेलं नाही. किती सिग्नलला किती दांडे दाखवायचे, हे प्रत्येक फोन बनवणारा आपल्या मनाने ठरवतो. एकाच खिडकीत, एकाच कंपनीच्या कार्डावर दोन वेगळे फोन वेगळे दांडे दाखवू शकतात आणि दोन्ही आपापल्या परीने बरोबर असतात. खरं माप डेसिबल-मिलिवॅटमध्ये असतं: उणे ७० म्हणजे उत्तम, उणे ११० म्हणजे कॉल जेमतेम टिकणार. पण फोनच्या सेटिंगमध्ये शिरून हा आकडा कोण बघतो? लोक खिडकीजवळ गेले, गॅलरीत गेले, गच्चीवर गेले आणि तिथून निर्णय दिले. ते निर्णय फारसे चुकीचे नसत.

या निर्णयांमागे एक गोष्ट दडलेली होती, ती म्हणजे वारसा. १९९४ च्या दोन परवानेधारकांना ९०० मेगाहर्ट्झची रेडिओलहर मिळाली होती. ही लहर लांब जाते आणि भिंतींतून आत शिरते. मागून आलेल्या एअरटेलला मुंबईत १८०० मेगाहर्ट्झवर भागवावं लागलं. ती लवकर थकते, म्हणून तेवढ्याच वस्तीला जास्त टॉवर लागतात. कन्नमवार नगरातल्या दाटीने उभ्या चार मजली इमारतींत आतल्या खोलीत एका कार्डाला रेंज आणि दुसऱ्याला नाही, असं घडायचं, तेव्हा लोक कंपनीला नालायक किंवा गुणी ठरवत. पुष्कळदा तो फरक कंपनीच्या गुणाचा नसून वाटणीत आलेल्या लहरीचा असे.

२६ जुलै २००५ ने दुसराच धडा शिकवला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, वीज गेली, यंत्रणा पाण्यात गेल्या आणि फोन मुके झाले. टॉवर बॅटरीवर आणि डिझेलवर किती वेळ तग धरतो, हा रेंजचाच भाग आहे, हे त्या रात्री कळलं. जाहिरातींत तो आजतागायत येत नाही.

इंटरनेट फोनवर आलं ते आधी जीपीआरएस आणि एजच्या रूपाने, गोगलगायीच्या चालीने. सेकंदाला काही डझन किलोबिट, नशीब असेल तर शंभर-दोनशे. थ्रीजी मुंबईत पहिल्यांदा २००९ मध्ये आणलं ते सरकारी एमटीएनएलने, खासगी कंपन्यांच्या बरंच आधी. ही आघाडी टिकवली असती तर आजचं चित्र वेगळं दिसलं असतं, पण ती टिकली नाही. २०१० च्या लिलावात मुंबईचं थ्रीजी रिलायन्स, व्होडाफोन आणि एअरटेल यांनी प्रत्येकी ३,२४७ कोटी रुपयांना घेतलं. एवढे पैसे मोजून मिळालेली लहर २१०० मेगाहर्ट्झची होती, भिंतीपुढे आणखी हळवी. परिणामी खिडकीत थ्रीजी आणि स्वयंपाकघरात टूजी, असा एकाच घराचा दुभंग झाला. कंपन्या तेव्हा डझनभर होत्या: आयडिया, एअरसेल, टाटा, युनिनॉर, एतिसलात. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी १२२ परवाने रद्द केले आणि त्यांतल्या काहींनी गाशा गुंडाळला. बीपीएल २००९ मध्ये ‘लूप’ झालं होतं. वीस वर्षांचा परवाना संपताच नोव्हेंबर २०१४ मध्ये तेही बंद पडलं आणि ९८२१ वाल्यांनी पोर्ट करण्यासाठी दुकानांसमोर रांगा लावल्या. त्याच वर्षीच्या लिलावात मुंबईची ९०० मेगाहर्ट्झ लहर व्होडाफोन आणि एअरटेलने वाटून घेतली. एअरटेलला भिंत भेदणारी लहर मिळायला बारा वर्षं लागली.

टॉवरचं भांडणही याच काळातलं. पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक गिरीश कुमार यांनी डिसेंबर २०१० मध्ये टॉवरच्या किरणोत्सर्गावर दूरसंचार खात्याला अहवाल दिला. मुंबईच्या सोसायट्यांत त्यावरून वाद रंगले. १ सप्टेंबर २०१२ पासून सरकारने टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ज्या सोसायटीला रेंज हवी होती, तिलाच गच्चीवर अँटेना नको होता. हा विरोधाभास मुंबईभर दिसला. मग २०१५ मध्ये कॉल तुटण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की दूरसंचार नियामक ट्रायने दिल्ली आणि मुंबईत गाड्या फिरवून चाचण्या घेतल्या. शंभरात दोनपेक्षा जास्त कॉल तुटू नयेत, असा निकष होता. मुंबईत अनेक कंपन्या त्यात बसल्या नाहीत. तुटलेल्या कॉलमागे एक रुपया, दिवसाला तीन कॉलपर्यंत, अशी भरपाई १ जानेवारी २०१६ पासून द्यावी, असा आदेश निघाला. ११ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. ग्राहकाच्या हाती रुपया काही पडला नाही.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि भांडण रेंजवरून वेगावर सरकलं. खरं तर ठिणगी आधीच पडली होती. २०१५ मध्ये एअरटेलने ‘आमच्यापेक्षा वेगवान नेटवर्क दाखवा, तुमचं बिल आयुष्यभर आम्ही भरू’ अशी जाहिरात केली आणि जाहिरात मानक परिषदेने ती दिशाभूल करणारी ठरवली. २०१७ मध्ये पुन्हा तोच प्रकार झाला. ऊकला कंपनीच्या स्पीडटेस्टवरून एअरटेलने स्वतःला देशातलं सर्वांत वेगवान नेटवर्क म्हटलं. जिओने तक्रार केली. त्यांचा एक मुद्दा फार मार्मिक होता: भारतात दोन कार्डांचे फोन आहेत, नेट एका कार्डाचं आणि पहिल्या खाचेत कार्ड दुसऱ्याचं असेल, तर चाचणीचा आकडा चुकीच्या कंपनीच्या नावावर जमा होतो. ट्रायच्या मायस्पीड या अ‍ॅपचे आकडे त्याच सुमारास जिओला पुढे दाखवत होते. ऊकलाने आपल्या निष्कर्षांचं समर्थन केलं, परिषदेने जाहिरात बदलायला सांगितली. दोन मोजपट्ट्या, दोन विजेते.

दोन्ही मोजपट्ट्यांत एक समान खोट होती, ती म्हणजे सरासरी. विक्रोळी स्थानकावर संध्याकाळी सहा वाजता फलाट भरलेला असतो, लोकल शिरते, हजारो फोन एकाच वेळी त्याच टॉवरकडे मागणी करतात. दांडे पूर्ण, पण नेट ठप्प. रात्री दोन वाजता त्याच जागी, त्याच कार्डावर चित्रपट अडखळत नाही. रेंज म्हणजे आवाज पोहोचणं. वेग म्हणजे त्या टॉवरची शिदोरी किती जणांत वाटली गेली. पहिल्या दशकात पहिल्याची लढाई होती, दुसऱ्यात दुसऱ्याची, आणि ‘अमुक नेटवर्क चांगलं’ म्हणताना लोक आजही दोन्हींची सरमिसळ करतात.

ट्रायच्या गाडीचाही एक दोष आहे: ती रस्त्यावरून जाते. स्थानकं, रुग्णालयं अशा ठिकाणी पायी चाचण्याही होतात, पण सूर्यानगरच्या पायऱ्यांच्या गल्ल्या अशा मार्गावर सहसा येत नाहीत. २०२० मध्ये शाळा ऑनलाइन गेल्या तेव्हा खरी परीक्षा झाली ती अशाच घरांतली, जिथे एका फोनवर भावंडं आळीपाळीने वर्गात बसत होती.

फाइव्हजी ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं. एअरटेल आणि जिओ दोघांनीही पहिल्याच आठवड्यात मुंबई घेतली. जिओने ७०० मेगाहर्ट्झची दूर जाणारी लहर विकत घेऊन पूर्णपणे नवं जाळं उभारलं, एअरटेलने फोरजीच्या पाठीवर फाइव्हजी बसवलं. व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एक झाले होते. त्यांचं व्हीआय मुंबईत फाइव्हजी घेऊन पोचलं मार्च २०२५ मध्ये. डझनातून उरले तीन खासगी, आणि चौथं एमटीएनएल, ज्याचा कारभार आता बीएसएनएल पाहतं. ऑक्टोबर २०२४ पासून कुठे कोणती सेवा मिळते याचा नकाशा कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर देणं बंधनकारक झालं. पंचवीस वर्षांपूर्वी शेजाऱ्याला विचारावं लागे, ते आता रंगात पाहता येतं. मजला मात्र नकाशात नसतो.

आणि विक्रोळीत प्रश्न आता मजल्याचाच आहे. कन्नमवार नगरातल्या जुन्या इमारती एकामागून एक पाडल्या जात आहेत आणि त्यांच्या जागी उंच मनोरे उभे राहत आहेत. इमारत पडली की गच्चीवरचा अँटेनाही उतरतो. अँटेना खालच्या दिशेने झुकवलेले असतात, कारण गिऱ्हाईक खाली असतं. विसाव्या मजल्यावरच्या फोनला मात्र दूरदूरचे अनेक टॉवर एकदम ऐकू येतात आणि त्या गलक्यात कोणताच नीट उमजत नाही. दांडे भरलेले, वेग घसरलेला. त्यावर उपाय इमारतीच्या आतच तारा आणि छोटे अँटेना घालण्याचा आहे, आणि तो बांधकाम चालू असतानाच करावा लागतो. ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारांकन देण्याचे नियम काढले आहेत. कंपन्यांची तुलना करणाऱ्या त्याच संस्थेने आता इमारतींची तुलना सुरू केली आहे.