सादेलीची पेटी आणि हाडाची धूळ

नवापूरहून पश्चिमेस निघालेली आगगाडी तापीच्या खोऱ्यांतून सुरतेकडे जाते. सीमेवरच्या या गांवाला सागाचें रान परिचित. सुरतेला सागवानी व चंदनी पेट्यांवरील सादेलीचें जडावकाम परिचित. ही कला इराणांतील शिराझहून सिंधमार्गें मुंबईस व सुरतेस आली, असें मानलें जातें. तींत पारशी कारागीर पुढें होते. पेटीगरा हें आडनांव त्याच धंद्याची खूण होय.

हस्तिदंत, शिंग, आबनूस, चंदन व कथील यांच्या बारीक कांड्या सरसानें जोडून त्यांचा जुडगा करीत. त्याच्या आडव्या छेदांत चांदणी किंवा फूल उमटे. मग करवतीनें कागदासारख्या पातळ चकत्या पाडून त्या पेटीवर चिकटवीत. फूल कोरावयाचें नसून कापावयाचें, ही यांतली खरी चतुराई! परंतु प्रत्येक चकतीगणिक करवतीच्या पात्याइतका माल भुसा होऊन उडे, आणि तो उडे कारागिराच्या नाकासमोर. पेटीचें मोल सांगणारे या भुशाचा हिशेब सहसा देत नाहींत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत १९८६ सालीं दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा, व १९९१ च्या दुरुस्तीनें आफ्रिकेंतून आणलेल्या हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. ज्यांच्या घरीं पूर्वजांची अशी पेटी असेल त्यांनीं ती विक्रीस काढूं नये. हत्ती वांचावा म्हणून कला थोडी उणी झाली, तर तें योग्यच झालें.

हस्तिदंताच्या जागीं हाड आलें, त्याबरोबर हाडाचे दोषही आले. चरबी राहिलेल्या हाडाला सरस नीट धरीत नाहीं, व पुढें त्यावर पिवळे डाग उमटतात. त्याहून गंभीर गोष्ट काळपुळीची, म्हणजे अँथ्रॅक्सची. या रोगानें मेलेल्या जनावराच्या हाडांत रोगाचीं बीजें वर्षानुवर्षें टिकतात, आणि नुसत्या उकळण्यानें तीं खात्रीनें मरत नाहींत. तेव्हां ज्याचें मूळ ठाऊक नाहीं तें हाड घेऊंच नये. कापतांना व घांसतांना तें ओलें ठेवावें. मात्र असें ओलें काम हातकरवतीनेंच करावें, विजेच्या यंत्राजवळ पाणी नेऊं नये. नाकातोंडावर बारीक धूळ अडविणारी घट्ट मुखपट्टी असावी. खाली पडलेली धूळ झाडूं नये, ओल्या फडक्यानें टिपावी. जडविण्यापूर्वीं तुकडा सावलींत पुरता वाळूं द्यावा. उन्हांत ठेवल्यास तो तडकतो, आणि ओलाच बसविल्यास पुढें आकसून खांचेंतून सुटतो.