कुत्री क्वार्टरमध्ये आली: सरोजिनी नगर आणि व्हॅक्यूम क्लीनरचा इतिहास

इतिहासाच्या मालिकेत व्हॅक्यूम क्लीनर कुठून आला, असं काही जण विचारतील. दिल्लीच्या सरोजिनी नगरातून आला. माझी मावसबहीण तिथल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते. मुलाला दमा आहे आणि घरात रस्त्यावरून उचलून आणलेली कुत्री आहे. सासरच्यांचं म्हणणं, कुत्री कुणाला तरी देऊन टाका. तिचं म्हणणं, आधी एक चांगलं मशीन घेऊन बघू. कोणतं घ्यायचं, एवढंच तिनं मला विचारलं होतं. मी आपला सवयीप्रमाणे शंभर वर्षं मागे गेलो.

सरोजिनी नगर म्हणजे पूर्वीचं विनय नगर. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या नोकरांसाठी वसवलेल्या वसाहतींपैकी एक. नोकरीच्या निमित्तानं महाराष्ट्रातून आलेली कुटुंबंही अशा वसाहतींमध्ये राहिली. जुनी क्वार्टर्स बुटकी, पुढेमागे मोकळी जागा, झाडं. कुत्रा असायचाच, पण तो साऱ्या गल्लीचा. पोळी दारात खायची आणि झोपायचं कडुलिंबाखाली. त्याचे केस अंगणात पडायचे आणि खराट्यानं जायचे. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळानं दिल्लीतल्या सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली, त्यात सरोजिनी नगर होतं. २०१८ मध्ये झाडतोडीविरुद्ध लोक इथे झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०२५ मध्ये अठ्ठावीस टॉवर आणि अडीच हजारांहून जास्त नव्या क्वार्टर्सचं उद्घाटन झालं. टॉवरला अंगण नसतं. कुत्रा पाळायचा तर तो घरातच, आणि त्याचे केसही घरात. आमचा प्रश्न इथे सुरू होतो.

आपल्याकडे केर काढणं हे नुसतं काम नाही. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीची पूजा करतो, दिवेलागणीनंतर झाडू नये म्हणतो. दिल्लीकर धनत्रयोदशीला नवा झाडू विकत घेतात. शिंदीच्या पानांची केरसुणी पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाच्या हातांनी बनली, आणि त्या हातांच्या वाट्याला मात्र पूजा कधी आली नाही. केरसुणीचा एक दोष मात्र मान्य करायला हवा. ती मोठा कचरा पुढे ढकलते आणि बारीक धूळ हवेत उडवते. मे-जूनची आंधी आणि हिवाळ्यातला धुरकट धूर सोसणाऱ्या शहरात हे दम्याच्या माणसाला परवडत नाही.

आता लंडन. १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरनं धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं आणि त्याला वाटलं, फुंकण्यापेक्षा ओढून घेतली तर? असं सांगतात की त्यानं खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडानं हवा ओढून पाहिली. रुमालावर काळा डाग उमटला आणि त्याला ठसका लागला. त्याचं यंत्र घोडागाडीवर होतं. ते रस्त्यात उभं करून खिडकीतून नळ्या आत सोडायचे. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीचे गालिचे त्यानंच साफ केले.

पण माझ्या बहिणीच्या कामाचा माणूस बूथ नव्हे. तो अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी होता. जेम्स मरे स्पँगलर, एका दुकानात झाडलोट करणारा, आणि त्याला दमा होता. झाडताना उडणाऱ्या धुळीनं जीव घुसमटायचा, म्हणून त्यानं पंख्याची मोटार, उशीचा अभ्रा आणि फिरता ब्रश जोडून यंत्र केलं. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं. पुढे हक्क हूव्हर कुटुंबाकडे गेले आणि नावही त्यांचंच झालं. बिचारा स्पँगलर कुणाला आठवतो? पण त्याचा फिरता ब्रश विसरू नका. गालिच्यात, सोफ्याच्या कापडात रुतलेला कुत्र्याचा केस नुसत्या ओढीनं सहसा निघत नाही, ब्रशनं उचलावा लागतो.

भारतात बऱ्याच मध्यमवर्गीय घरांत हे यंत्र आलं ते दुसऱ्या वाटेनं. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सनं १९२१ मध्ये जमिनीवरून ओढत न्यायचं नळकांड्याचं मॉडेल काढलं आणि दारोदार विकलं. १९८२ साली टाटा समूहाच्या फोर्ब्स कंपनीबरोबर तिची भागीदारी झाली, ती युरेका फोर्ब्स. टाय लावलेला विक्रेता दारात यायचा, तुमच्याच गादीतली धूळ काढून पांढऱ्या कापडावर दाखवायचा, आणि घरातली बाई शरमेनं पाणी-पाणी व्हायची. ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्यांनी हे पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. ती यंत्रं सोफा, जाळ्या, कोपरे यांना उत्तम. पण बहुतेकांत मोटारीवर फिरणारा ब्रश नव्हता, आणि कापडी पिशवी बाल्कनीत झटकली की निम्मी धूळ परत घरात.

मुलाच्या दम्याचा विचार करता केस दिसतो, पण त्रास देतो तो न दिसणारा भाग. ॲलर्जी होते ती कुत्र्याच्या लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे. हे कण इतके बारीक की साध्या पिशवीतून मागच्या बाजूनं बाहेर पडतात. त्यावरचा उपाय अणुबाँबच्या कारखान्यातून आलाय. किरणोत्सारी धूळ अडवण्यासाठी मॅनहॅटन प्रकल्पाच्या काळात घडवलेला फिल्टर म्हणजे आजचा हेपा. ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण तो अडवतो. मात्र यंत्राचे सांधे गळके असतील तर हवा फिल्टरला वळसा घालून निघून जाते. म्हणून 'हेपा' एवढी चिठ्ठी पुरेशी नाही, पूर्ण यंत्र हवाबंद आहे का ते विचारायचं.

दुकानदार वॅटचा आकडा सांगेल. तो वीज किती खाते याचा आहे, धूळ किती ओढते याचा नव्हे. युरोपीय संघानं २०१४ मध्ये १६०० वॅटची आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली, आणि तिथली घरं काही घाण झाली नाहीत.

बहिणीला मी सांगितलं ते असं. टाकाऊ पिशवीचं, हवाबंद, हेपावालं मशीन, सोबत सोफ्यासाठी छोटा फिरता ब्रश. बिनपिशवीचं पारदर्शक डबं दिसायला झकास, पण ते रिकामं करताना ढग उठतो. मुलगा घरात नसताना दुसऱ्यानं करावं. मोझाइकच्या फरशीला ओला पोछा अजूनही उत्तम, बाईंना तेच सांग. आपोआप फिरणारा रोबो घेतलास तर कुत्रीनं घरात घाण केली नाही ना, हे आधी बघ. नाहीतर तो ती खोलीभर सारवेल. कुत्रीला मुलाच्या खोलीत झोपू द्यायचं नाही. मशीननं दमा बरा होत नाही, औषध डॉक्टर सांगतील तेच आणि तितकंच. कुत्री ठेवायची की नाही हेही दिवाणखान्यात नको, त्यांच्याशी बोलून ठरव.

आणि पिशव्या नि फिल्टर नंतर कुठे मिळतील, ते मशीन घेण्याआधी विचार. सरोजिनीच्या बाजारात घासाघीस करून कुर्ता मिळेल, फिल्टर मिळेलच असं नाही.