सरकारी बँकांचे विलीनीकरण : नफा वाढला, पण कशामुळे?

२०१७ मध्ये देशात २७ सरकारी बँका होत्या, आता १२ उरल्या आहेत. १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया बँक ‘बँक ऑफ बडोदा’त गेल्या, १ एप्रिल २०२० ला दहा बँकांच्या चार झाल्या.

२०१७-१८ मध्ये सरकारी बँकांचा एकूण तोटा ८५ हजार कोटींवर होता. २०२३-२४ मध्ये सुमारे १.४१ लाख कोटींचा नफा झाला. मग ही सगळी विलीनीकरणाची कमाई का? नाही. पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र कुणातच विलीन झाली नाही, तरी त्याच वर्षी तिने ४,०५५ कोटी कमावले. बुडीत कर्जांची साफसफाई, वसुली आणि सरकारने घातलेले भांडवल यांचा वाटा मोठा आहे.

ग्राहकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ठेवीवरचा पाच लाखांचा विमा प्रत्येक बँकेमागे असतो. दोन बँका एक झाल्या की तुमच्या दोन्हीकडच्या ठेवींना मिळून एकच मर्यादा लागते. आणि मरहूम वडिलांचे देना बँकेचे जुने पासबुक घरात सापडले, तर ते फेकू नका. खात्यात शिल्लक असेल तर वारसांनी बँक ऑफ बडोदाकडे दावा करावा. तो वारसांचा हक्क आहे.