दाबली की आवाज कमी होणारी डॉल्बी

गणपतीच्या आधी माळा आवरताना जुना कॅसेट डेक हाती लागला. आतला पट्टा बदलून आणला आणि गडी चालू झाला. पुतण्या शेजारी बसून बटणं चाचपत होता. एका बटणाखालचं नाव त्यानं वाचलं आणि ओरडला, "काका, ह्याला डॉल्बी हाय की!" लगेच दाबलंही. कॅसेटमागची सरसर निवली, आवाज जरासा बसला. त्यानं दोनदा दाबून, सोडून पाहिलं. "ही कसली डॉल्बी? दाबली की आवाज कमीच हुतोय."

पोरगं तालमीच्या मिरवणुकीत वाढलेलं. त्याच्या लेखी डॉल्बी म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली बेस आणि टॉपची भिंत, मागं धडधडणारा जनरेटर आणि महाद्वार रोडवर दुतर्फा थरथरणारी दुकानांची शटरं. त्याला मी काहीतरी उत्तर दिलं. पण प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला तो अजून उतरलेला नाही. ज्या नावानं कोल्हापूरच्या खिडक्यांच्या काचा हलतात, ते नाव मुळात आवाजातला कचरा काढणाऱ्या यंत्राचं कसं?

ठाऊक असलेला भाग चटकन उरकतो. रे डॉल्बी, जन्म १९३३, अमेरिकेतल्या पोर्टलंडचा. विद्यार्थी असतानाच अ‍ॅम्पेक्स कंपनीत पहिल्या व्हिडिओ टेपरेकॉर्डरवर काम, केंब्रिजची डॉक्टरेट, १९६५ मध्ये लंडनला स्वतःची प्रयोगशाळा. टेपवर ध्वनिमुद्रण केलं की मागं एक सरसर येते. ती जोरकस सुरांत बुडून जाते, हळू सुरांत मात्र टोचते. डॉल्बीनं युक्ती केली: मुद्रण करताना फक्त हळू आवाज उचलून धरायचा आणि ऐकवताना तेवढाच खाली आणायचा. आवाज मूळपदावर येतो, सोबत सरसरही खाली दबते. १९६६ मध्ये डेक्का या ब्रिटिश कंपनीनं ही यंत्रं पहिल्यांदा घेतली. दोन वर्षांनी घरगुती डेकसाठी सुटसुटीत आवृत्ती आली. माझ्या डेकचं बटण त्या घराण्यातलं.

हे वाचता वाचता एका ओळीवर मी थबकलो. लंडनला दुकान थाटण्याआधीची दोन वर्षं, १९६३ ते ६५, हा माणूस भारतात होता! युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून, चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत. आणि गोंगाट दाबायची कल्पना त्याच्या डोक्यात रुजली ती याच मुक्कामात. म्हणजे आपण ज्याला बाहेरून आलेलं खूळ म्हणतो त्याच्या नावाचा धनी इथलं पाणी पिऊन गेला होता. गोंगाटावरचा उतारा त्याला भारतातच सुचावा याचं मला तरी नवल वाटत नाही. चंदीगडच्या दोन हिवाळ्यांत एकही वरात बँडबाजासकट त्याच्या खिडकीखालून गेली नसेल, हे मी मानायला तयार नाही. पुरावा मागू नका, लग्नसराई हाच पुरावा.

आता खरा गुंता. डेकच्या आतलं नाव ट्रॉलीवर चढलं कसं? झेरॉक्स, डालडा, कोलगेट यांचा दाखला इथं चालत नाही. तिथं एका कंपनीचं नाव त्याच जातीच्या सगळ्या मालाला चिकटलं, काम तेच राहिलं. इथं काम उलटं झालंय.

एक व्युत्पत्ती आमच्या पेठेत छातीठोकपणे सांगितली जाते: जी डोलवी ती डॉल्बी. ऐकायला झकास, आणि सांगणारा बहुधा स्वतः डोलत असतो. पण ती टिकत नाही, आणि तिला पाडतो तो कोल्हापूरचाच उच्चार. आमच्याकडं 'ऑ' जिभेवर आला की 'आ' होतो: हॉटेलचं हाटेल, डॉक्टरचा डाक्टर, कॉलेजचं कालेज. त्याच चालीनं जुनी माणसं 'डाल्बी' म्हणतात. शब्द 'डोलणे'वरून आला असता तर 'ओ' जागचा हलला नसता. डोलकाठीला कुणी डालकाठी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. तेव्हा शब्द इंग्रजी 'ऑ' घेऊनच वेशीत शिरला, हे पक्कं.

दुसरा पक्ष डेकवाल्यांचा. मंडप, लाइट आणि साऊंड भाड्यानं देणाऱ्यांकडं डेक असायचा, त्यावर डॉल्बीची मोहोर असायची. भाव सांगताना तो म्हणणार, 'आपल्याकडं डॉल्बीचा माल हाय.' गिऱ्हाइकानं ते सगळ्या सामानाचं नाव समजून घेतलं. या पक्षाला विलायतेतून एक भक्कम साक्षीदारही मिळतो. इंग्लंडमधला सिंथेसायझरवाला गायक थॉमस डॉल्बी. त्याचं आडनाव खरं रॉबर्टसन. टेपरेकॉर्डरशी सतत खेळत बसायचा म्हणून दोस्तांनी डॉल्बी नाव पाडलं. पुढं तो गाजला तेव्हा खऱ्या डॉल्बी कंपनीनं त्याला कोर्टात खेचलं, आणि अखेर 'थॉमस' जोडूनच 'डॉल्बी' वापरायचं या अटीवर मिटलं. म्हणजे डेकवरचं नाव माणसाला चिकटू शकतं, तर ट्रॉलीला का नाही?

बिनतोड वाटतं, पण काळ जुळत नाही. डेकचा भर १९७०-८० च्या दशकांतला, आणि तेव्हा आमच्या मिरवणुकीत काय होतं? हलगी, घुमकं, कैताळ, झांजपथक, लेझीम, बँड, फार तर बेंजो पार्टी आणि खांबावर बांधलेले कर्णे. छातीत घुसणारा बेस नंतरचा. शिवाय बटणावरचं नाव साऊंडवाला वाचतो, रस्त्यावर नाचणारा नाही. शब्द रुजवतो तो नाचणारा.

म्हणून माझा कौल तिसऱ्या बाजूला: थिएटर. कंपनीनं सरसर दाबायचं तंत्र सिनेमात नेलं आणि १९७७ च्या 'स्टार वॉर्स'नं डॉल्बी स्टिरिओचं नाव जगभर केलं. आपल्याकडं त्याचा गाजावाजा झाला तो १९९४ च्या '१९४२: अ लव्ह स्टोरी'पासून. मग पोस्टरवर, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत, थिएटरच्या दारावर हाच शब्द. प्रेक्षकाला सरसर गेल्याचं काय कळणार? नसलेली गोष्ट ऐकू येत नाही. त्याला कळलं ते एवढंच, की खुर्ची हादरली. त्या हादऱ्याचं नाव त्यानं पोस्टरवर वाचलं, घरी आणलं, आणि तसाच हादरा रस्त्यावर बसला तेव्हा नाव तयार होतं. अर्थ उलटला तो इथं, थिएटरच्या अंधारात.

यावर पुण्याचे मित्र विचारतात, थिएटरं आमच्याकडं कमी होती का? मग आम्ही 'डीजे' का म्हणतो? कोल्हापूर, सांगली, सातारा, पार बेळगावपर्यंत डॉल्बी, आणि पुण्याकडं, विदर्भात डीजे, ही सीमारेषा खरी आहे. माझं उत्तर असं. डीजे हा मूळचा माणूस, तबकड्या लावणारा. मोठ्या शहरांनी तो हॉटेलात, पार्टीत आधी पाहिला आणि मग त्याच्या यंत्राला त्याचं नाव दिलं. कोल्हापुरात तो माणूस दिसलाच नाही. तो आजही ट्रॉलीत लॅपटॉपवर वाकलेला असतो, त्याच्याकडं कोण बघतंय? बघायचं ते भिंतीकडं. आणि बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचं, १९२९ मध्ये प्रभात जिथं जन्मली ते हे गाव सिनेमाची भाषा पेठेत आणणारच. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली हे मान्य, पण नाद इथंच राहिला. 'नाद' म्हणजे आवाज आणि 'नाद' म्हणजे वेडही, आणि आमच्याकडं दोन्ही खुळेच.

चुकीच्या वस्तूला नाव देण्याचा सरावही आपल्याला जुना आहे. वर बेंजो आला, तो घ्या. अमेरिकेतल्या बँजोशी त्याचं काहीच नातं नाही. ते टाइपरायटरसारख्या कळांचं तंतुवाद्य जपानचं, नागोयात १९१२ मध्ये गोरो मोरिता यांनी घडवलेलं. वाद्य जपानचं, नाव अमेरिकेचं, मिरवणूक आपली.

नावं आणि यंत्रं अशी उलटतात या वळणावर मला डेट्रॉइट आणि शिकागो दिसतात. 'हाऊस' हा संगीतप्रकार शिकागोतल्या वेअरहाऊस नावाच्या क्लबचं शेपूट. डेट्रॉइटच्या पोरांचं संगीतही 'हाऊस' म्हणूनच विकलं जाणार होतं. वान अ‍ॅटकिन्स 'टेक्नो' शब्दावर अडून राहिला आणि १९८८ च्या संग्रहावर तेच नाव छापलं गेलं. तिथली यंत्रंही उलट्या नशिबाचीच. रोलँड कंपनीनं १९८१ मध्ये टीबी-३०३ आणलं ते एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून. साथ इतकी बेसूर, की १९८४ मध्ये उत्पादन बंद झालं. शिकागोच्या पोरांनी स्वस्तात उचलून त्याचे कान पिळले, आणि १९८७ च्या 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'मधून अ‍ॅसिड हाऊस बाहेर पडलं.

त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, मुंबईत हिंदी सिनेमाचे वादक चरणजित सिंग यांनी हेच ३०३ आणि रोलँडचंच ठोके देणारं टीआर-८०८ घेऊन दहा रागांची डिस्को तबकडी काढली होती. एचएमव्हीनं काढली, कुणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाल्यावर जग चकित झालं आणि अ‍ॅसिड हाऊसचा बाप मुंबईत सापडला अशी आरोळी उठली. मला ती पटत नाही. शिकागोत ही तबकडी कुणी ऐकलेली नव्हती. कुळकथेत रक्ताचं नातं लागतं. तोंडावळा जुळला म्हणून कुणी बाप होत नाही.

हाच नियम मला माझ्या लाडक्या कल्पनेलाही लावावा लागतो. लेझर, धूर, पोटात घुसणारा बेस, स्टेज नाही, गायक नाही, गर्दी रात्रभर एका ठोक्यावर: मिरवणुकीच्या रात्री कोल्हापुरात पापाच्या तिकटीला जे होतं ते रेव्हच. 'साऊंड चेक'चे ट्रॅक तर ऐकाच. चाल नाही, शब्द नाहीत, भोंगा आणि ठोका एवढंच. डेट्रॉइटवाला ऐकून मान डोलवेल. पण ते डेट्रॉइटहून आलेलं नाही. आलंय ते हलगीच्या जागी बसायला, आणि 'हलगी मिक्स' ऐकलं की ती हलगी अजून आत वाजताना सापडते. मराठीत 'रेव्ह' हा शब्द फक्त 'पार्टी' आणि 'छापा' यांच्या मधे भेटतो, गुन्ह्यांच्या पानावर. म्हणून आपल्या रेव्हला आपण ते नाव कधी दिलं नाही.

छापे मात्र दोन्हीकडं पडले. ब्रिटननं १९९४ च्या कायद्यात रेव्हच्या संगीताची व्याख्याच केली: एकामागून एक तेच ते ठोके. आपल्या २००० च्या नियमांनी ठोक्याला हात लावला नाही, डेसिबल मोजले: वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५. आपला नियम मला जास्त शहाणा वाटतो. हलगीवर ब्रिटिश व्याख्या लावली असती तर अख्खी पंचगंगा आत गेली असती. पण नियम शहाणा म्हणून रात्र शांत होत नाही. म्हाताऱ्यांची छाती आणि तान्ह्यांचे कान यांच्या बाजूनं बोलणाऱ्यांशी माझं भांडण नाही. विश्वास नांगरे पाटील कोल्हापूर परिक्षेत्राचे प्रमुख असताना 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सवा'चा जोर होता, तेव्हा मीही त्या बाजूचा होतो. फक्त त्या घोषणेचा शब्दशः अर्थ 'गोंगाट कमी करणाऱ्या यंत्राशिवायचा गणेशोत्सव' असा होतो, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

रे डॉल्बी सॅन फ्रान्सिस्कोत वारला तो १२ सप्टेंबर २०१३ रोजी. त्या साली गणेश चतुर्थी ९ सप्टेंबरला होती आणि अनंत चतुर्दशी १८ ला.